'यू कॅन्ट टच धिस' आठव्या क्रमांकावरच का अडलं?

सूरसाखळी
अमेरिकी रॅपर एमसी हॅमरचं 'यू कॅन्ट टच धिस' कधीच ऐकलं नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. रॅपशी काडीचा संबंध नसलेल्यांचीही ती बेसची ओळ सुरू झाली की मान हलायला लागते. आणि तरी १९९० साली बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या हॉट १०० या गाण्यांच्या लोकप्रियता-यादीत हे गाणं आठव्या क्रमांकापर्यंतच गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हॅनिला आइसचं 'आइस आइस बेबी' पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. हॉट १००च्या शिखरावर पोचलेलं पहिलं हिपहॉप गाणं ही नोंद त्याच्या नावावर कायमची झाली.

दोन्ही गाण्यांची घडण जवळपास सारखीच आहे. दोन्ही १९८१च्या गाजलेल्या गाण्यांतल्या बेसलाइनवर, म्हणजे खालच्या सुरांच्या फिरत राहणाऱ्या ओळीवर, उभी आहेत. हॅमरचं गाणं रिक जेम्सच्या 'सुपर फ्रीक'वर, आइसचं क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या 'अंडर प्रेशर'वर. दोघांचे अल्बम तुफान खपले. मग एक आठवर आणि दुसरं एकवर, हे कसं?

मला स्वतःला वाटतं की पॉप रॅपची वाट हॅमरने पाडली आणि हार आइसच्या गळ्यात पडला. पण त्यामागे कातडीचा रंग होता (हॅमर कृष्णवर्णीय, आइस गोरा), नशीब होतं की अजून काही, ते जाणकारांनी सांगावं.

रविवारचा रेडिओ
छान विषय. खुर्ची टाकून बसलोय.

बारा इंची
उत्तर गाण्यात नाहीये, दुकानात आहे.

त्या काळी अमेरिकेत सिंगल, म्हणजे सुटं विकत मिळणारं गाणं, मुख्यतः कॅसेटवर यायचं. अल्बमपेक्षा बरीच स्वस्त, पोरंटोरं खाऊच्या पैशातून घ्यायची. 'यू कॅन्ट टच धिस' मात्र कॅपिटल कंपनीने तिथे फक्त बारा इंची तबकडीवर काढलं. ती घेणार कोण? डीजे आणि तबकड्यांचे दर्दी. बाकी सगळ्यांना ते गाणं हवं असेल तर अख्खा अल्बम घ्यावा लागायचा.

हॉट १०० यादी सिंगलची विक्री आणि रेडिओवरचं वाजणं यांची सांगड घालून बनायची. म्हणजे हॅमरचं गाणं एका पायावर धावून आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. मला तर ते आठवं स्थानच अचाट वाटतं!

आता दुसरी बाजू बघा. 'प्लीज हॅमर डोन्ट हर्ट एम' हा अल्बम एकवीस आठवडे अल्बमच्या यादीत पहिला होता. अमेरिकेत एक कोटी प्रतींचा टप्पा गाठणारा तो पहिला हिपहॉप अल्बम. कंपनीने गाण्याची जागा घालवली आणि अल्बमची तिजोरी भरली. हा हिशेब करून घेतलेला निर्णय होता.

मृण्मयी के
बारा इंची, माहिती पटली, पण रंगाचा मुद्दा तेवढ्याने बाजूला होत नाही.

आइस हा देखणा गोरा तरुण. ज्या रेडिओ स्टेशनांनी तोवर रॅपला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, त्यांना तो सोयीचा वाटला. शिवाय कंपनीने त्याचं जे चरित्र पसरवलं त्यात तो मायामीच्या रस्त्यांवर वाढलेला दाखवला होता. तो डॅलस भागातला आहे हे वर्तमानपत्रांनी लगेच उघड केलं. कृष्णवर्णीय कलाकारांनी न्यूयॉर्कच्या वस्त्यांमध्ये उभी केलेली कला, आणि तिला पहिल्या क्रमांकाचा मान मिळतो तो असली बनावट कहाणी चिकटवलेल्या गायकामुळे. याचं मला आजही वाईट वाटतं. गाणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते चिकटतंच.

सातासमुद्रापार
मी तेव्हा तिकडे शिकायला होतो, म्हणून लिहितो.

बारा इंची म्हणतात ते हॅमरपुरतं खरं आहेच, पण आइसच्या बाबतीतही तेच घडलं, फक्त उशिरा. सुरुवातीला 'आइस आइस बेबी'ची कॅसेट सिंगल सगळीकडे दिसायची. माझ्या खोलीतल्या मित्राकडे होती. मी घ्यायला गेलो तोवर दुकानात सिंगल शिल्लक नव्हती, अल्बमचा मात्र ढीग लागलेला. विक्रेता म्हणाला, आता तेवढंच येतं. घेतला अल्बम, करता काय! एका गाण्यासाठी बाकीची सगळी गाणी पदरात पडली, त्यातली बरीचशी मी परत लावलीच नाहीत.

मागाहून कळलं की आइसच्या एसबीके कंपनीने गाणं शिखरावर असतानाच सिंगल बाजारातून काढून घेतली होती. म्हणून तर पहिल्या क्रमांकावर ते एकच आठवडा टिकलं, पुढच्या आठवड्यात मरायाह कॅरी तिथे आली. आणि 'टू द एक्स्ट्रीम' अल्बम? तो हॅमरलाच खाली खेचून सोळा आठवडे अल्बमच्या यादीत पहिला राहिला.

बारा इंची
@सातासमुद्रापार, अगदी नेमकं! फरक एवढाच की कॅपिटलने सिंगलचं दार आधीपासूनच बंद ठेवलं, एसबीकेने गर्दी आत आल्यावर लावून घेतलं. म्हणून एकाला आठवा क्रमांक आणि दुसऱ्याला एका आठवड्याचा पहिला.

खोडसाळ
म्हणजे तुम्ही त्या सोळा आठवड्यांना हातभार लावलात तर, सातासमुद्रापार! ऐतिहासिक कामगिरी 😀

ध्वनिवेडा
मी मिक्सिंगचं काम करतो, त्यामुळे घडणीबद्दल लिहितो. इथे सगळे विक्रीत रमलेत.

ही दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐका. 'सुपर फ्रीक'ची बेसलाइन मुळातच नाचरी आहे आणि हॅमरने तिला जवळजवळ हात लावलेला नाही. तो तुकडा फिरत ठेवला, खाली ढोल जाड केला, आणि शब्द अगदी कमी. हे फार महत्त्वाचं आहे. दर थोड्या वेळाने सगळं थांबतं, ओळ येते, मग 'स्टॉप, हॅमर टाइम', आणि पुन्हा सुरू. त्या थांब्यांमुळे ते गाणं नाचण्यासाठी बनतं. हॅमर आधी नर्तक आहे. त्याच्या गाण्यात शब्दांनी जागा अडवली असती तर पायांना मोकळीक उरली नसती. शब्द साधे आहेत म्हणून त्याला नावं ठेवणारे समीक्षक मला म्हणूनच पटत नाहीत. त्याने काय साधायचं ठरवलं होतं आणि ते साधलं का, हे बघा.

'आइस आइस बेबी' उलट आहे. तिथे बेसची ओळ थंड, सुटी, मध्ये भरपूर रिकामी जागा असलेली. त्या रिकाम्या जागेत आइस एक आख्खी गोष्ट सांगतो: गाडी, समुद्राकाठचा रस्ता, गोळीबार, पळापळ. त्याच्या उच्चारांवर हसणारे बरेच आहेत, पण त्याची लय घट्ट आहे. तालावरून तो कुठे घसरत नाही.

मूळ 'अंडर प्रेशर' तुम्ही ऐकलं असेल तर कळेल की तिथे ती बेसलाइन नुसती सुरुवात आहे, पुढे फ्रेडी मर्क्युरी आणि बोवी आभाळाला भिडतात. आइसच्या गाण्यात तीच ओळ शेवटपर्यंत जमिनीवरच चालत राहते. एकच ओळ आणि दोन वेगळे स्वभाव. मला ही गोष्ट थक्क करते.

तानसेनी
माफ करा, पण ज्या सुरावर गाणं उभं आहे तोच दुसऱ्याचा असेल तर यात घडण कसली? मूळ कलाकाराने घाम गाळायचा आणि यांनी वर बोलायचं. मला हे उसनवारीच वाटतं.

ध्वनिवेडा
@तानसेनी, उसनवारी सांगून केली आणि परतफेड केली तर हरकत काय? शिवाय कुठला तुकडा उचलायचा, कुठे कापायचा, त्याच्या खाली कुठला ठोका ठेवायचा यात कान लागतो. 'सुपर फ्रीक' १९८१ पासून सगळ्यांना उपलब्ध होतं. ते असं वापरावं हे सुचलं हॅमरला.

कलम बहाद्दर
वकिली करतो, म्हणून थोडं कायद्याचं.

एका गाण्यात दोन हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे सूर आणि शब्द यांचा, तो गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे. दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा, तो बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे. तुकडा उचलायचा तर दोघांची परवानगी लागते. नव्याने वाजवून घेतला तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, रचनेचा राहतोच.

हॅमरने सगळं रीतसर केलं आणि आइसने चोरी केली, असं चित्र बऱ्याचदा रंगवलं जातं. ते तितकं सरळ नाही. रिक जेम्सनेही कायद्याची वाट धरली होती. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं आणि त्याला सहगीतकार म्हणून श्रेय मिळालं. त्याचा त्याला झालेला फायदा बघा: १९९१च्या ग्रॅमीत हे गाणं सर्वोत्कृष्ट आर अँड बी गाणं ठरलं, तेव्हा हॅमर आणि 'सुपर फ्रीक'चा सहगीतकार अलोन्झो मिलर यांच्याबरोबर रिक जेम्सलाही पुरस्कार मिळाला. एवढा मोठा कलाकार, आणि त्याच्या आयुष्यातली ती एकमेव ग्रॅमी!

आइसच्या गाण्यावर सुरुवातीला क्वीन आणि बोवी यांचं नावच नव्हतं. वर एका मुलाखतीत त्याने आपल्या ओळीत एक सूर जास्त आहे म्हणून ती वेगळी, असं गाऊन दाखवलं. ते त्याला आयुष्यभर चिकटलं. शेवटी तडजोड झाली, पैसे द्यावे लागले आणि श्रेयात नावं आली.

मृण्मयी के
कलमदादा, रिक जेम्सच्या ग्रॅमीचं ठाऊक नव्हतं. किती छान! तानसेनी, हे वाचाच.

तानसेनी
वाचलं. रिक जेम्सला मिळालं त्याचा आनंद आहे. पण ते भांडल्यावर मिळालं, आधी विचारून नाही. माझा मुद्दा तिथेच आहे.

कलम बहाद्दर
@तानसेनी, तुमच्या मुद्द्याला १९९१च्या डिसेंबरात न्यायालयानेही दुजोरा दिला. रॅपर बिझ मार्कीने गायक गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या 'अलोन अगेन (नॅचरली)'मधला तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलातल्या आज्ञेने केली आणि त्याच्या अल्बमची विक्री थांबवायला लावली. त्यानंतर कंपन्या प्रत्येक तुकड्याची आधी लेखी परवानगी घ्यायला लागल्या.

त्याची दुसरी बाजूही सांगतो. डझनावारी छोटे तुकडे जोडून गाणी विणणाऱ्यांचं त्यामुळे कंबरडं मोडलं. एका गाण्यात एकच मोठा, ओळखीचा तुकडा घ्यायचा आणि त्याचे घसघशीत पैसे मोजायचे, ही पद्धत परवडू लागली. डी ला सोल या रॅप गटाचे जुने अल्बम तर याच गुंत्यांपायी वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगवर येऊ शकले नाहीत, २०२३च्या मार्चमध्ये आले.

खोडसाळ
आणि बिझ मार्कीने १९९३मध्ये पुढचा अल्बम काढला त्याचं नाव 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!' सगळ्या परवानग्या घेतल्या आहेत हो! मुखपृष्ठावरच जाहीर करून टाकलं पठ्ठ्याने. याला म्हणतात दिलदार कलावंत.

जुनी तबकडी
थोडं मागे जाऊ या का? दुसऱ्याच्या बेसलाइनवर रॅप करून धंदा होतो हे १९७९मध्येच सिद्ध झालं होतं. शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट'. सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी न्यू जर्सीत तीन पोरं गोळा केली आणि शिक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची ओळ वादकांकडून नव्याने वाजवून घेतली. मूळ बारा इंची तबकडीवर ते गाणं जवळपास पंधरा मिनिटांचं आहे. हॉट १००मध्ये छत्तिसावं, ब्रिटनमध्ये तिसरं. शिकचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हक्क मागितला आणि श्रेयात त्यांची नावं आली.

मला सिल्व्हिया रॉबिन्सन यांचं फार कौतुक आहे. तोवर रॅप म्हणजे रात्रभर चालणारा जलसा. तो तबकडीवर मावेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. बाई स्वतः गायिका, त्यांनी धोका पत्करला. त्यातल्या एका रॅपरने म्हटलेल्या बऱ्याच ओळी ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच रॅपरच्या वहीतल्या होत्या आणि कॅझला त्याचं श्रेय मिळालं नाही, ही मात्र या गाण्यावरची मोठी काजळी. तुकड्यांच्या मालकीबद्दल इतकं बोलतो आपण, शब्दांच्या मालकाची दाद कुणी घेतली?

निळू
पहिल्या क्रमांकाचं पहिलं रॅप म्हणजे ब्लाँडीचं 'रॅप्चर' ना? १९८१?

जुनी तबकडी
निळू, ते पहिल्या क्रमांकावर गेलं हे खरं आणि त्यात ब्लाँडीची गायिका डेबी हॅरी रॅप करते हेही खरं. पण ते एका न्यू वेव्ह बँडचं गाणं आहे, रॅप शेवटच्या भागात येतं. म्हणून दोन नोंदी वेगळ्या ठेवतात. मधल्या पायऱ्याही बघ: १९८६मध्ये रन-डीएमसी आणि एरोस्मिथ यांचं 'वॉक धिस वे' चौथं, १९८९मध्ये टोन लोकचं 'वाइल्ड थिंग' दुसरं. दोन्हीत रॉक गिटार आहे. गोऱ्या श्रोत्यांच्या कानाला ओळखीचं काहीतरी हवं होतं, आणि ते द्यायचं कसं हे निर्मात्यांना उमगलं होतं. हॅमर आणि आइस त्याच जिन्यावर पुढे चढले.

वाफाळता
व्हिडिओबद्दल कुणीच कसं बोलत नाही? 'यू कॅन्ट टच धिस'मधल्या त्या घोळदार विजारी! पाय हलले की कापड मागून येतं, त्यामुळे प्रत्येक हालचाल दुप्पट मोठी दिसते. आणि तो कडेकडेने सरकत जाणारा नाच. एमटीव्हीवर हे दिवसरात्र चालायचं. सिंगल दुकानात नसतानाही गाणं घराघरांत गेलं ते या व्हिडिओमुळे.

आइसच्या व्हिडिओचीही गंमत आहे. 'आइस आइस बेबी' मुळात दुसऱ्या बाजूचं गाणं. पहिल्या बाजूला 'प्ले दॅट फंकी म्युझिक' होतं आणि ते फारसं चाललं नव्हतं. एका डीजेने तबकडी उलटून वाजवली आणि फोन खणखणायला लागले. मग व्यवस्थापकाने साधारण आठ हजार डॉलरांत व्हिडिओ करून घेतला. मोठी कंपनी त्यानंतर आली.

मृण्मयी के
वाफाळता, हा मुद्दा माझ्या वरच्या प्रतिसादाला छेद देणारा आहे, तरी आवडला. म्हणजे पहिली ठिणगी श्रोत्यांकडून पडली. कंपनीची बनावट कहाणी नंतरची.

प्लेलिस्ट पाटील
मी या सगळ्यानंतर जन्मलो 😀 पण 'ओल्ड टाउन रोड' माझ्या डोळ्यांदेखत घडलं. लिल नास एक्स या रॅपरने इंटरनेटवर तीस डॉलरला बीट, म्हणजे गाण्याचं तयार संगीत, विकत घेतली. ती बनवणारा यंगकियो हा नेदरलँड्समधला पोरगा. त्याने नाइन इंच नेल्स या रॉक बँडचा २००८चा एक तुकडा त्यात वापरला होता. टिकटॉकवर लोक त्यावर नाचायला लागले, बिलबोर्डने ते कंट्री यादीतून काढलं तर वाद पेटला, मग कंट्री गायक बिली रे सायरसला घेऊन नवी आवृत्ती आली. २०१९मध्ये सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर, तेव्हाचा विक्रम! नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस यांची नावं श्रेयात आहेत.

मला एक विचारायचंय. आज 'यू कॅन्ट टच धिस' आलं असतं तर?

बारा इंची
@पाटील, आज कंपनीला गाणं अल्बमच्या आत कोंडून ठेवताच येणार नाही. प्रत्येक ऐकणं मोजलं जातं. माझ्या मते ते पहिल्या क्रमांकावर गेलं असतं आणि बरेच आठवडे हललं नसतं. पण त्याच कारणाने अल्बमच्या एक कोटी प्रती खपल्या नसत्या. एक गाणं आवडणारे लोक एकच गाणं ऐकून पुढे गेले असते.

तेव्हाची मोजणीही वेगळी होती. १९९०मध्ये दुकानदार आणि रेडिओवाले बिलबोर्डला आपापल्या याद्या कळवायचे. बारकोडवरून खरी विक्री मोजणारी साउंडस्कॅन पद्धत हॉट १००साठी १९९१च्या नोव्हेंबरात आली.

सातासमुद्रापार
आणि हॅमरच्या पैशांचं काय झालं तेही आठवतं. १९९६मध्ये त्याला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. लोक त्यावरून त्याची टर उडवतात, मला ते रुचत नाही. स्वतःच्या ऑकलंड शहरातल्या कितीतरी माणसांना त्याने पगारावर ठेवलं होतं. पहिल्या तबकड्या गाडीच्या डिकीतून विकणाऱ्या माणसाने यश आल्यावर आपली माणसं सोबत घेतली. हिशेब चुकला असेल, नियत चुकली नाही.

तानसेनी
हे पटलं. हॅमरचं गाणं आज पुन्हा ऐकलं, ध्वनिवेडा म्हणतात ते थांबे लक्षात ठेवून. मूळ ओळीचा मान रिक जेम्सलाच देईन, पण त्या थांब्यांची जागा हॅमरची आहे हे मान्य.

सूरसाखळी
सगळ्यांचे मनापासून आभार. बारा इंची, तुमच्या उत्तरानंतर मी हॅमरची बाकीची क्रमवारी शोधली. त्याच अल्बममधलं 'हॅव यू सीन हर' चौथ्या क्रमांकावर गेलं आणि प्रिन्सच्या गाण्यावर बेतलेलं 'प्रे' दुसऱ्यावर! म्हणजे यादीच्या हिशेबाने 'यू कॅन्ट टच धिस' हे त्या अल्बमचं तिसऱ्या नंबरचं यश. ही दोन गाणी कॅसेट सिंगलवर निघाली होती का?

बारा इंची
हो, निघाली होती. तोवर अल्बम भरपूर खपलेला, मग सिंगल अडवण्यात कंपनीला काही मिळणार नव्हतं. नंतर नंतर हा खेळ इतका वाढला की नो डाउट या बँडचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या यादीत सोळा आठवडे पहिलं असूनही हॉट १००मध्ये आलंच नाही, कारण त्याची सिंगलच नव्हती. हॅमरच्या गाण्याची निदान बारा इंची तबकडी तरी होती. अखेर १९९८च्या डिसेंबरात बिलबोर्डने नियम बदलला आणि सिंगल नसलेल्या गाण्यांनाही यादीत घेतलं.

'प्रे' ऐकलं नसेल तर ऐका. नाचाला 'टच धिस'इतकं मोकळं नाही, पण 'व्हेन डव्ह्ज क्राय'चा तुकडा काय चपखल बसवलाय!

खोडसाळ
लावलंय. शेजारच्या खोलीतून विचारणा झाली की 'हे प्रिन्सचं ना?' तानसेनी, तुमचा मुद्दा आमच्या घरी अजून जिवंत आहे.